बेल्जियमवाला, अमेरिकावाला आणि माझे अठरा हजार

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, जोडाक्षर आलं की पेन अडतं, आणि अक्षर असं की गुरुजी विचारायचे, पाटीवरून कोंबडी चालत गेली काय? तरी लिहिते. परत आल्यावर विहिरीवर बायकांनी विचारलं, "काय काय बघितलंस गो?" आणि नेहमीसारखं माझ्या तोंडून काही निघालं नाही. चार माणसं बघत असली की माझं बोलणं आतच राहतं. म्हणून मुलीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेतली आहेत. कोणी वाचलंच तर चुका सांभाळून घ्याव्यात.

आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या अंगाला आहे. हे मुंबईला गोदामात कामाला असतात. मी घाटातल्या ट्रकवाल्यांना आणि रस्त्याच्या कामगारांना भाकऱ्या करून द्यायची. चार वर्षांत अठरा हजार रुपये साठले. त्यातून मला घरघंटी घ्यायची होती, म्हणजे वाडीतल्या बायकांना दळण डोक्यावर घेऊन उतरायला नको. मग बोगदा झाला, ट्रक खालून जायला लागले आणि भाकऱ्या थांबल्या. ते अठरा हजार गेले तर पुन्हा जमणार नव्हते, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

ते पैसे दसऱ्याला माझ्या धाकट्या दिराने मागितले. त्याचं नाव सुरेश. मी त्याला भावजी म्हणते. तो महाडला एका कंपनीचा टेम्पो चालवतो आणि शनिवारी घरी येतो. लहानपणापासून गाडीचं वेड. पूर्वी मोटारसायकलच्या शर्यतीत जायचा, चिखलातून, डोंगरातून. दोन वर्षांपूर्वी पडून घरी आला तेव्हा ह्यांनी त्याला देवासमोर उभं करून शर्यत सोडायला लावली. तेव्हापासून तो शर्यतीबद्दल फक्त बोलतो, अशी आमची समजूत.

"टेम्पोचा काय तरी घोळ झालाय वयनी, दिवाळीला देतो," असं म्हणून तो पैसे घेऊन गेला. दिवाळी गेली. संक्रांत गेली. मी विचारलं की तो खाली बघायचा. शेवटी एके दिवशी म्हणाला, "पैसे पैजेत अडकलेत."

"कसली पैज?"

"बापू मिस्त्रीबरोबर. जगात आजपर्यंत मातीतून, चिखलातून मोटारसायकल पळवणारा सगळ्यात मोठा कोण? मी बोललो अमेरिकेचा. तो बोलला बेल्जियमचा. दोघांचे अठरा-अठरा ठेवलेत. येत्या रविवारी शिवथरकडे शर्यत हाय, सगळे गाडीवाले येतील, ते निकाल देतील. छत्तीस घेऊन येतो बघ."

त्या दोघा शर्यतवाल्यांची नावं तो घडाघडा बोलला. मला ती लिहिता येत नाहीत, म्हणून मी देशावरूनच लिहिते.

मी चुलीपुढे बसून विचार केला. धावण्याची पैज लागली तर पहिला कोण ते डोळ्यांना दिसतं. पण जगात सगळ्यात मोठा कोण, हे कोणी बघितलंय? ज्या प्रश्नाला उत्तरच नाही त्यात पैसे ठेवले, की ते कुठे गेले हेही कोणी सांगू शकत नाही. हे दोघं मिळून मला फसवत असणार. निकाल बेल्जियमकडे लागणार, भावजी हरल्याचं तोंड करणार आणि मागून दोघं अर्धे-अर्धे वाटून घेणार.

"रविवारी मी पण येते," मी म्हटलं.

सुरेश हसला. मी ह्यांच्याशिवाय पोलादपूरच्या पुढे कधी गेलेली नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू तिथेच राहिलं.

पोलादपूर

सुरेश रजा काढून मला न्यायला आला आणि शुक्रवारी सकाळी निघालो. शेजारणीला म्हैस सांगितली, पिशवीत दोन लुगडी आणि नाचणीच्या चार भाकऱ्या घेतल्या. सुरेशच्या मोटारसायकलवर मागे बसले. माघातलं धुकं अजून खाली दरीत होतं, आणि वरून बघितलं तर जुन्या घाटावर एकही ट्रक नव्हता. मला ते बघवलं नाही. पूर्वी त्या वळणावर गाडी थांबली की ड्रायव्हर लांबूनच ओरडायचा, "ताई, आठ!" म्हणजे आठ भाकऱ्या.

पोलादपूरला एस.टी. स्टँडजवळ चहाला उतरलो आणि मी एक पाऊल टाकलं तर चप्पल रस्त्याला चिकटली. सायलेन्सरवर पाय टेकून बसले होते, चपलेचा तळ विरघळून गेला होता. सुरेश हसून वाकला. मी मात्र दुसरंच बघत होते. पिशवी त्याने उजव्या हाताने काढली, चहाचे दोन्ही ग्लास उजव्याच हाताने एकामागून एक आणले. डावा हात पँटच्या खिशात. तो काही केल्या बाहेर येईना.

खिशात काय आहे, मी मनात म्हटलं. माझे पैसे?

महाड

महाडला आधी बाजारात चप्पल घेतली. दुकानदाराने दोनशे सांगितले आणि लगेच दीडशे केले. इतक्या लवकर उतरला म्हणजे शंभराची असणार, म्हणून मी शंभरावर अडून बसले. एकशे वीसला मिळाली. अजून मला वाटतं जास्तच गेले.

बापू मिस्त्रीचं गॅरेज चवदार तळ्याकडून पुढे एका गल्लीत आहे. बापू पन्नाशीचा, जाडा, बनियनवर तेलाचे डाग. मला बघून त्याने घाईघाईने शर्ट घातला. "या वयनी, बसा." आणि सुरेशकडे असं बघितलं, जसा काही घरात साप निघालाय. मी येणार हे त्याला माहीत नव्हतं.

गॅरेजच्या मागच्या खोलीत माझी राहायची सोय केली. बापूच्या बायकोने वालाचं बिरडं केलं होतं. आमच्याकडे बिरडं पातळ, भाताबरोबर ओरपायचं. इथे घट्ट, वरून ओलं खोबरं, आणि तांदळाची भाकरी इतकी पांढरी की खायला लाज वाटली. माझ्या नाचणीच्या भाकऱ्या मी पिशवीतच ठेवल्या. त्या बाईला वास आला की काय कोण जाणे, तिने स्वतःच मागून घेतल्या आणि दोन खाल्ल्या.

जेवण झालं तशी पैजेची चर्चा सुरू झाली.

"बेल्जियमवाला," बापू म्हणाला. "वर्षानुवर्षं जिंकत राहिला. वाळू असो, चिखल असो, कडक माती असो. एकदा जिंकणं सोपं. पुन्हा पुन्हा जिंकायला कलेजा लागतो."

"कलेजा!" सुरेश म्हणाला. "अमेरिकावाल्याच्या पुढं कोण होतं सांग? त्याच्या भरात एक अख्खा मोसम त्याला कोणी गाठला नाय. बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी भांडायचे."

"मग लवकर थांबला कशाला?"

"सगळं जिंकून झालं म्हणून थांबला! तुझ्यासारखा नाय, पोट सुटलं तरी हातातला पाना सुटत नाय."

"माझ्या पोटाला बेल्जियममध्ये आणू नको."

मी दाराशी बसून ऐकत होते. ऐकायला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण मी उठून मोरीत हात धुवायला गेले तर वाद थांबला. अगदी रेडिओ बंद केल्यासारखा. परत आले, लगेच बापू म्हणाला, "आणि बेल्जियमची वाळू कसली असते माहीत हाय काय तुला?" मी मुद्दाम पुन्हा उठले, पाणी प्यायला गेले. पुन्हा शांत. आतून कान दिला तर बापू हळूच म्हणत होता, "अजून दोन दिवस कसं काढायचं रे?"

माझी खात्री झाली. वाद माझ्यासाठी चालला होता.

तुडील

शनिवारी बापूला तुडीलला एका होडीचं इंजिन बघायचं होतं, आणि तिथे त्याची बहीण यमुनाआक्का दिली आहे. आम्ही तिघेही टेम्पोतून गेलो. मागे हौद्यात बापूची शर्यतीची गाडी बांधलेली. उंच, काटकुळी, दिवा नाही, आरसा नाही, टायरला दगडासारखे गट्टे. हँडल आणि पुढचे दांडे नवेकोरे चमकत होते, बाकी गाडी ओरखड्यांनी भरलेली. मी बोट लावून बघितलं तर बापूने ताडपत्री ओढली. "धूळ बसते वयनी."

रस्ता सावित्रीच्या काठाने जातो. आमच्याकडे वर सावित्री म्हणजे दगडांतून वाट काढणारी बारीक नदी. इथे ती एवढी रुंद, आणि भरती आली की उलटी वाहते. नदी उलटी वाहताना मी पहिल्यांदा बघितली. पाणी खरंच समुद्राकडून आत येत होतं, त्यावर एक नारळाची झावळी वर वर चालली होती. मी बराच वेळ त्या झावळीवर नजर ठेवली, ती फिरते काय म्हणून. फिरली नाही.

यमुनाआक्का साठीची, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की पलीकडच्या काठाला कळावं. तिने खाडीची बोय केली होती, कोकमाचं आगळ घालून. आम्हाला डोंगरात सुकी मासळीच जास्त. ताज्या माशाला इतकी चव असते हे मी विसरले होते. काटे काढताना मला उशीर लागला तर ती म्हणाली, "सावकाश गो, मासा मेलाय, पळत नाय."

मग ती सुरेशकडे वळली. "तुझा हात कसा हाय रे आता?"

सुरेश पटकन पाणी प्यायला. "कसला हात आक्का?"

"कसला म्हणजे? डावा—"

"आक्का," बापू मध्येच ओरडला, "तू सांग, सगळ्यात मोठा शर्यतवाला कोण?"

मी घास हातात धरून तिघांकडे बघितलं. हाताचं काय? खिशात हात, गाडीच्या नव्या दांड्यांवर ताडपत्री, आणि आता आक्कालासुद्धा माहीत. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. मलाच नाही.

आक्काने वाद ऐकला होता, तिला तोंड खुपसायला आवडलं. "मला दोघंबी नाय पटत. परवा मोबाइलवर तुमीच दाखवलात ना, तो फ्रान्सचा? वाळवंटात जातो, रस्ता नाय, पाटी नाय, पाणी नाय, एकटा. हे बाकीचे काय, कुंपणाच्या आत गोल गोल फिरतात. गोल तर घाण्याचा बैल पण फिरतो."

"आक्का, ते उड्या मारतात!" सुरेश कळवळून म्हणाला.

"बेडूकबी मारतो."

बापू इतका हसला की त्याला ठसका लागला. पण मग तो गंभीर झाला. म्हणाला की वाळवंटातली शर्यत वेगळी, तिथे गाडी आणि नशीब लागतं. सुरेश म्हणाला, नशीब नव्हे, वाट ओळखणं लागतं आणि तेच खरं अवघड. म्हणजे तो आता आक्काच्या बाजूला गेला. बापू चिडला, "अरे तू अमेरिकेचा ना?" दोघं ओट्यावर बसून भांडायला लागले. मी भांडी घासायला आक्काबरोबर मागे गेले आणि गंमत म्हणजे वाद थांबला नाही. उलट वाढला. जुन्या काळच्या गाड्या जड होत्या, धक्का सगळा अंगावर यायचा, मग जुन्यांना जास्त मार्क द्यायचे की नाही, यावर बापूने ओट्यावर मूठ आपटली. सुरेश म्हणाला, "तुला गाडी दुरुस्त करता येते, समजत नाय." त्यावर बापू उठून होडीकडे निघून गेला, चहासुद्धा न घेता.

आता माझा गोंधळ झाला. हे काही माझ्यासाठी नव्हतं. हे खरंच भांडत होते.

भांडी घासताना मीही त्याचाच विचार करत होते. आमच्या वाडीत भात लावायला तीन बायका नावाजलेल्या. एक अशी की दुपारपर्यंत तिला कोणी गाठू शकत नाही. दुसरी पंधरा दिवस एकाच चालीने लावते, शेवटच्या दिवशी सगळ्या वाकल्या तरी ती पहिल्या दिवसासारखी. तिसरी जळवांच्या खाचरात एकटी उतरते, जिथे बाकीच्या पाय घालत नाहीत. तिघींत मोठी कोण, असं आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर वाडीत चुली वेगळ्या झाल्या असत्या.

"आक्का," मी हळू विचारलं, "भावजींच्या हाताला काय झालंय?"

तिने माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि राख जोरात घासली. "मला काय माहीत गो. वातबीत असंल." तिला खोटं बोलता येत नव्हतं.

शिवथरच्या खोऱ्यात

रविवारी पहाटे टेम्पो बिरवाडीवरून शिवथरकडे निघाला. दोघंही पुढे बसून एकमेकांशी बोलत नव्हते. मी मध्ये. इतका वेळ मला वाटत होतं की हे एक आहेत. आता वाटायला लागलं, भांडणात माझ्या पैशांचा दुसराच निकाल लागेल.

खोरं फार सुंदर आहे. तिन्ही बाजूंना डोंगर, उन्हाला आत यायला उशीर, आणि सगळीकडे कापलेल्या भाताची पिवळी खाचरं. आधी घळीत दर्शन घेतलं. पावसात तिथला धबधबा बोलू देत नाही म्हणतात. आता एक बारीक धार होती. आत गार, ओलसर, आणि इतकं शांत की माझ्या बांगड्या वाजल्या तर मला ओशाळल्यासारखं झालं. समर्थ इथे बसले असतील तर त्यांना कोणी पैसे मागायला येत नसेल, असं मनात आलं. लगेच हात जोडले.

शर्यत अलीकडच्या वाडीच्या खाचरांत होती. बांध फोडून वाट केलेली, खालच्या खाचरात मुद्दाम ओढ्याचं पाणी सोडून चिखल केलेला. पंधरा-वीस गाड्या. आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. एक पोरसवदा गडी बांधावरून उडाला, गाडीवर जसा काही उभाच राहिला, आणि पलीकडे चिखलात तोंडावर आपटला. मी डोळे मिटले. उघडले तर तो उठून हेल्मेटमधला चिखल बोटाने काढत होता आणि गाडीला लाथ मारून पुन्हा निघाला होता. मी शेजारी बघितलं. सुरेशचा चेहरा तेव्हा मी कधी न पाहिलेला. उजव्या हाताची मूठ अशी फिरत होती, जणू हँडल त्याच्याच हातात आहे.

शर्यत संपल्यावर सगळे आंब्याखाली जमले. बापूने प्रश्न टाकला. हात वर करा. पाच बेल्जियमला, पाच अमेरिकेला, चार फ्रान्सला, आणि एक म्हणाला त्याचा मामा. मग जे सुरू झालं ते मला लिहिता येणार नाही. सगळे एकदम बोलत होते.

"निकाल लागणार नाय," कोणीतरी म्हणालं. "देवीला कौल लावा."

वाडीची ग्रामदेवता जवळच होती. त्या भागात, आमच्याकडेही, काही अडलं की गुरव देवीच्या अंगावर उजवी-डावी ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहिरीची जागा, हरवलेलं जनावर, सगळं विचारतात. शर्यतवाल्याचा कौल मी पहिल्यांदा ऐकला. सगळे हेल्मेट काखेत मारून देवळात शिरले. मी बाजूला खांबाजवळ उभी राहिले. बापू गुरवाच्या कानाला लागू नये, म्हणून मी गुरवाच्या हातावरची नजर काढली नाही.

गुरवकाका म्हातारे, किडकिडीत. त्यांनी विचारलं, "कौल कोणाचा?"

"दोन माणसं हायत काका," बापू म्हणाला. "एक बेल्जियमचा, एक अमेरिकेचा. मोठा कोण ते विचारायचंय."

"आलेत ते?"

"नाय."

"त्यांचा कोणी भाऊबंद?"

"नाय."

"गाव कुठलं?"

बापूने सुरेशकडे बघितलं. सुरेशने बापूकडे.

"बापाचं नाव?"

"मोबाइलवर बघतो," मागून एकजण म्हणाला, आणि दुसरा म्हणाला, "रेंज नाय हिथं."

गुरवकाकांनी पाकळ्या पुन्हा ताटात ठेवल्या. "नाव नाय, गाव नाय, माणूस नाय. गाऱ्हाणं कोणाच्या नावानं घालू? एवढं भांडताय आणि बापाचं नाव ठाऊक नाय?" सगळे हसले. "ज्याचं काम अडलंय त्यानं स्वतः उभं राहायचं असतं. अडलंय कोणाचं?"

मला कळलं नाही ते कसं झालं. तीन दिवस मी धड चार वाक्यं बोलले नव्हते. मी खांबापासून पुढे आले.

"माझं," मी म्हटलं. "माझं अडलंय."

पंधरा-वीस माणसं वळली. आता मागे जायला जागा नव्हती. मी माझं नाव सांगितलं, वाडी सांगितली, नवऱ्याचं नाव सांगितलं. म्हटलं, "माझे अठरा हजार ह्या भावजींनी नेले. ते पैजेत हायत काय, एवढं देवीला विचारा."

गुरवकाकांनी एकदा सुरेशकडे बघितलं. पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "आई, ही तुझी लेक पोलादपूरच्या वाटेवरून आलीय. तिच्या घामाचे पैसे..."

"काका, थांबा," सुरेश म्हणाला.

तो पुढे आला आणि शर्टाची वरची दोन बटणं सोडली. गळ्याखाली डाव्या बाजूचं हाड वर आलेलं होतं, वाकडं जुळलेलं, लाकडाच्या गाठीसारखं.

"पैज नाय वयनी. कधीच नव्हती. मी दसऱ्याआधी बापूची गाडी घेऊन शर्यतीत उतरलो. पडलो. हाड मोडलं, गाडीचे पुढचे दांडे वाकले. अर्धे पैसे दवाखान्यात गेले, अर्धे गाडीत. दादाला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाय, म्हणून बापूला बोललो, पैजेचं सांगू. पैज हरलो बोललो तर तू शिव्या देशील आणि विसरशील. तू येशील असं कोणाला वाटलं होतं?"

दसऱ्याआधी महिनाभर तो घरी आला नव्हता. कंपनीत जादा काम, म्हणाला होता. आणि खिशातला तो हात. तीन दिवस मी त्या खिशावर पाळत ठेवून होते, आणि त्यात नुसता दुखरा हात होता.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि रागाबरोबर पुन्हा संशय. मी देवळातून बाहेर आले, टेम्पोवरची ताडपत्री स्वतः ओढली आणि बापूला म्हटलं, "ह्या दांड्यांचं बिल दाखवा."

बापूने निमूटपणे पाकिटातून घडी केलेला कागद काढला. मी बोट ठेवून ठेवून वाचला. नऊ हजार दोनशे. खरं होतं.

"आणि हे तीन दिवस जे भांडलात ते?"

"पयला दिवस तुमच्यासाठी, वयनी," बापू मान खाली घालून म्हणाला. "मग ह्यानं माझ्या पोटाचं काढलं, तिथून पुढं खरं."

कशेडीकडे

परत येताना महाडपासून मी सुरेशच्या मागे बसले. जाताना डाव्या खांद्याला धरलं होतं, तो किती वेळ दात आवळून बसला असेल. आता मी मागची लोखंडी दांडी धरली. आमच्या वळणावर त्याने गाडी हळू केली.

"दादाला सांगशील?"

"पैसे पुरे झाले की बघू."

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "वयनी, तुला कोण वाटतो? खरं सांग."

"आधी दोघांच्या बापाची नावं घेऊन या," मी म्हटलं. त्याच्या पाठीवरून कळलं की तो हसतोय.

त्यानंतर दर महिन्याच्या पगाराला तो दोन हजार आणत गेला. तो म्हणेल तेवढ्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी पत्र्याचा डबा चुलीवरच्या सगळ्यात उंच फळीवर ठेवला, ह्यांचाही हात टाच उचलल्याशिवाय पोचत नाही अशा जागी. म्हटलं, तुम्हीच ठेवायचे, माझ्यासमोर. पहिले काही महिने तो पाट ओढून त्यावर चढायचा आणि उजव्या हाताने डबा काढायचा. तो गेला की मी पाटावर चढून मोजायची. भादव्यात एकदा दोनशे कमी निघाले. मी निरोप धाडला, पुढच्या शनिवारी आले.

काल नववा हप्ता होता. सुरेशबरोबर एक चिठ्ठीही होती. बेल्जियमवाला, अमेरिकावाला, फ्रान्सवाला, तिघांची गावं आणि बापाची नावं, सगळं मराठीत उतरवलेलं. "बापूनं शोधली. आता गुरवकाकांकडं जायचं काय?" मी म्हटलं, "भाऊबंद कोण उभा राहणार? मी नाय येणार."

चिठ्ठी मी वहीत ठेवली आहे. मग तो फळीखाली गेला. पाट ओढला नाही. टाच उचलली आणि डावा हात वर नेला, हळूहळू, कोपर कानाच्या वर, आणि डबा खाली घेतला. मी डबा त्याच्या हातातून घेतला, चुलीपुढे बसले आणि दोनदा मोजले.

पुरे अठरा हजार.